तोंड उघडून पाहताना : पुरुषांच्या कर्करोग तपासणीचं एक भारतीय शतक

४ जून १९२४. एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर, सुमारे २८ हजार फुटांवर, थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल हा इंग्रज शल्यविशारद एका खडकावर बसून राहिला. पुढे पाऊल टाकण्याइतका श्वास त्याच्यात उरला नव्हता. त्याचा सोबती एडवर्ड नॉर्टन आणखी थोडा वर गेला आणि तोही माघारी फिरला. उतरताना सॉमरवेलचा श्वास एकाएकी कोंडला. बर्फाळ कोरड्या हवेने सोलवटलेलं घशाचं अस्तर सुटून मध्येच अडकलं होतं. त्याने दोन्ही हातांनी स्वतःची छाती दाबली, होतं नव्हतं ते बळ लावून खोकला आणि रक्ताळलेला तुकडा बाहेर पडला. सॉमरवेल जगला आणि मोहीम संपल्यावर आपल्या कामावर परतला. ते काम लंडनमध्ये नव्हतं. त्रावणकोर संस्थानाच्या दक्षिण टोकाला, नागरकोइलजवळच्या नेय्यूर गावात, लंडन मिशनरी सोसायटीच्या रुग्णालयात होतं.

दोन वर्षांपूर्वी, १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेनंतर हिंदुस्थानात फिरताना त्याने हे रुग्णालय पाहिलं होतं. शस्त्रक्रियेसाठी ताटकळलेली रांग आणि थकून गेलेला डॉक्टर पाहून त्याने लंडनमधली मोठी कारकीर्द सोडली आणि नेय्यूर गाठलं. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतलं जातं. आपल्याकडच्या वैद्यकीय इतिहासात ते फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. कारण नेय्यूरच्या त्या रांगेत गालाच्या, जिभेच्या आणि हिरड्यांच्या कर्करोगाचे रुग्ण इतके असत की युरोपात शिकून आलेल्या शल्यविशारदाला त्याचा अचंबा वाटावा.

हा अचंबा सॉमरवेलच्या आधीच कागदावर उतरला होता. १९०२ मध्ये मद्रासच्या निब्लॉक यांनी हिंदुस्थानातल्या कर्करोगाविषयी लिहिलं. १९०८ मध्ये नेय्यूरच्याच बेंटॉल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपल्या रुग्णालयातल्या १,७०० कर्करोगांचा गोषवारा छापला. तोंडाच्या कर्करोगाचं एवढं प्राबल्य त्या काळच्या इंग्लंडमधल्या कोणत्याही रुग्णालयात दिसलं नसतं. १९३३ मध्ये नेय्यूरचेच डॉ. ऑर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्रावणकोरातला हा आजार आणि विडा-तंबाखू चघळण्याची सवय यांची सांगड घातली. नेय्यूरमध्ये चाकूबरोबर रेडियमही वापरलं जाऊ लागलं. एका खेड्यातलं मिशन रुग्णालय त्या काळातली अत्याधुनिक उपचारपद्धती राबवत होतं.

तरीही या साऱ्या डॉक्टरांची एक हतबलता होती. रुग्ण यायचा तेव्हा गालाला भोक पडलेलं असायचं, जबडा पोखरलेला असायचा, मानेत गाठी झालेल्या असायच्या. रोग नेमका तोंडात, बोटाने चाचपता येईल अशा जागी वाढत होता. तिथे त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं. पोटातला, फुप्फुसातला, यकृतातला कर्करोग लपून बसतो हे समजण्यासारखं आहे. तोंडातल्याला लपायला जागाच नाही. पुढच्या शंभर वर्षांत हिंदुस्थानातल्या काही माणसांनी जे केलं, ते या एका जाणिवेतून केलं.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. लंडनमध्ये विकृतिशास्त्र शिकून आलेले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवून आलेले खानोलकर हे मोजणीवर विश्वास ठेवणारे शास्त्रज्ञ होते. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तेव्हा या रोगाच्या कारणांत उपदंश, किडके दात आणि अस्वच्छ तोंड यांचा भरणा होता. खानोलकरांची नजर वेगळीकडे होती. हिंदुस्थानात प्रांताप्रांताच्या, जातीजातींच्या सवयी निराळ्या आणि कर्करोग उमटण्याची जागाही निराळी, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. १९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं की तंबाखू चघळणाऱ्याचा कर्करोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत होतो, तर ओढणाऱ्याचा जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे सरकतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सांगणारे डॉल आणि हिल यांचे पहिले निबंध त्याच दशकातले. जगाने ते लक्षात ठेवले. परळहून आलेला हा निबंध तितकाच नेटका होता.

याच सुमारास, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आणखी एका आजाराचं वर्णन केलं. टाळू आणि घशाच्या कमानीखालचा थर घट्ट, पांढुरका होत जातो, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. त्यांनी त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हटलं. पुढे सुपारीशी त्याचं नातं पक्कं झालं. आज गुटखा खाणाऱ्या विशीतल्या मुलाच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, तेव्हा दंतवैद्य त्याच्या केसपेपरवर हाच शब्द लिहितो. एर्नाकुलम भागात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली गेली, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाला.

खानोलकरांचे हजार रुग्ण झाले तरी ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेले. जे पोहोचले नाहीत त्यांच्या तोंडात काय चाललं आहे, हे कळायला गावात जायला हवं होतं. ते काम एका अनपेक्षित ठिकाणाहून सुरू झालं. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे डॉ. होमी भाभांनी उभारलेलं अणुभौतिकीचं आणि गणिताचं माहेरघर. तिथे दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते डॉ. फली मेहता. त्यांच्या जोडीला कोपनहेगनचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग आले. डॉ. दफ्तरी, डॉ. भोसले, डॉ. मूर्ती, डॉ. सिनोर आणि संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता अशी मंडळी या कामाभोवती जमली. पैसा आला तो पीएल-४८० करारातून. अमेरिकेने या कराराखाली दिलेल्या धान्याचे रुपये भारतातच खर्च करायचे होते. दुष्काळात मिलो खाल्लेल्या आपल्या आधीच्या पिढीला पीएल-४८० म्हणजे रेशनच्या दुकानासमोरची रांग आठवते. त्याच करारातल्या पैशांतून खेड्यापाड्यांतल्या माणसांची तोंडं तपासली गेली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९६६ ते १९६९ या काळात दंतवैद्यांच्या तुकड्या पाच जिल्ह्यांत घरोघर फिरल्या : गुजरातेत भावनगर, केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम आणि तेव्हाच्या बिहारात दरभंगा व सिंगभूम. १५ वर्षांवरच्या एकूण ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडं त्यांनी तपासली. प्रत्येक जिल्ह्याचा तंबाखूशी संसार वेगळा. एर्नाकुलममध्ये विडा, दरभंग्यात खैनी, भावनगरात बिडी. श्रीकाकुलममध्ये तर चुट्ट्याचं, म्हणजे गावठी चिरुटाचं, पेटलेलं टोक तोंडात धरून ओढायची रीत होती आणि तिथला कर्करोग इतरत्र क्वचित दिसणाऱ्या जागी, म्हणजे टाळूवर, उगवत होता. खानोलकरांचं म्हणणं आता नकाशावर मांडल्यासारखं दिसू लागलं.

त्यानंतर पाळी आली महाराष्ट्राची. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे पुरुषांच्या तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू आणि बायकांच्या बोटावर मशेरी. एका जिल्ह्यात लाखाहून अधिक माणसांचं तोंड उघडून पाहायचं, त्यांना नाव-गाव-सवय विचारायची आणि सारं टिपून ठेवायचं, हे ज्या काळात झालं तेव्हा कित्येक वाड्यांना धड रस्ता नव्हता. संशोधनाच्या इतिहासात असे कष्ट एका ओळीत उरकले जातात. म्हणून इथे थांबून सांगावंसं वाटतं की ‘माझ्या तोंडात बघायला घरी कुणी तरी आलं होतं’ असं म्हणू शकणारे आजोबा पुणे जिल्ह्यातल्या गावांत होते.

मेहता आणि पिंडबोर्ग यांच्या चमूने एकदा पाहून काम सोडून दिलं नाही. भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलममधल्या त्याच माणसांकडे ते दहा वर्षं पुन्हा पुन्हा गेले. या चिकाटीतून जे हाती आलं ते आजही सगळ्या तपासणीचा पाया आहे. तोंडाचा कर्करोग जवळजवळ कधीच निरोगी अस्तरावर एका रात्रीत उगवत नाही. आधी पांढरा चट्टा, लाल चट्टा, गाठाळ खरखरीत भाग किंवा आवळत गेलेलं तोंड अशी खूण वर्षानुवर्षं तिथे असते. ती दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. आणि या खुणा जवळजवळ सगळ्या तंबाखू-सुपारीची सवय असलेल्यांच्याच तोंडात. म्हणजे रोगाच्या आधी एक लांबलचक मुदत होती. त्या मुदतीत कुणी पाहिलं आणि सांगितलं तर?

‘सांगितलं तर’ याचं उत्तर १९७७ पासून शोधलं गेलं. सुमारे ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ग्रामस्थांना वर्षानुवर्षं समोरासमोर बसून समजावलं गेलं. चित्रपट, फलक, वैयक्तिक सल्ला, सगळं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच वर्षांचा निष्कर्ष आला : सवय सुटलेल्यांची संख्या वाढली आणि नवे पांढरे चट्टे होण्याचं प्रमाण घटलं. खेड्यातला माणूस ऐकत नाही, हा शहरी समज त्या दिवशी मोडायला हवा होता.

‘पाहिलं तर’ हा प्रश्न मात्र अवघड होता. पाहायचं कुणी? दंतवैद्य शहरात आणि तोंडं खेड्यात. १९८०च्या दशकात श्रीलंकेत डॉ. वर्णकुलसूरिय यांनी प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांना ही तपासणी शिकवली. एर्नाकुलममध्ये मेहतांच्या चमूने तेच केलं. थोडक्या प्रशिक्षणानंतर हे कर्मचारी डॉक्टरांच्या जवळपास जाईल इतक्या अचूकपणे चट्टे ओळखू लागले. अडलं ते पुढच्या पायरीवर. श्रीलंकेत ज्यांना ‘दवाखान्यात दाखवा’ असं सांगितलं, त्यांतले जेमतेम निम्मे तिथे पोहोचले. दुखत नसलेल्या चट्ट्यासाठी एका दिवसाची मजुरी कोण बुडवणार?

आणि हे सगळं झालं तरी शास्त्राला हवा असलेला पुरावा मिळालेला नव्हता. चट्टे सापडतात हे ठीक, पण तपासणीने माणसं मरायची वाचतात का? हा प्रश्न दवाखान्यात बसून सुटत नाही. त्यासाठी दोन सारखे जनसमूह घ्यावे लागतात, एकाची तपासणी करायची, दुसऱ्याला नेहमीची सेवा चालू ठेवायची, आणि मग वर्षानुवर्षं दोन्हीकडचे मृत्यू मोजायचे. तोंडाच्या कर्करोगाबाबत असं जगात कुणीच केलेलं नव्हतं. श्रीमंत देशांत हा रोग कमी, म्हणून त्यांना गरज नव्हती. ज्या देशांत तो होता तिथे एवढी यंत्रणा नव्हती.

हे धाडस तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने केलं. डॉ. कृष्णन नायर यांच्या नेतृत्वाखाली हे केंद्र १९८१ मध्ये उभं राहिलं होतं. तिथलेच डॉ. आर. शंकरनारायणन पुढे फ्रान्समधल्या लिआँ इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत गेले आणि या प्रयोगाचे प्रमुख झाले. १९९६ मध्ये जिल्ह्यातल्या १३ पंचायती निवडल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती पद्धतीने ७ पंचायती तपासणीच्या गटात आणि ६ तुलनेच्या गटात गेल्या. ३५ वर्षांवरचे, निरोगी असे ९६,५१७ लोक एकीकडे आणि ९५,३५६ दुसरीकडे.

घरोघर जाणारे कर्मचारी वैद्यकीय शाखेचे नव्हते. बिगरवैद्यकीय विषयांतले साधे पदवीधर, ज्यांना ही तपासणी शिकवलेली. हातात उजेड, नजर तयार आणि एक ठरलेला क्रम. आधी ओठ, मग गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेचा वरचा भाग, दोन्ही कडा, जिभेखालची जागा, शेवटी मान चाचपायची. काही मिनिटांचं काम. तीन-तीन वर्षांच्या अंतराने तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा दार उघडलं जाई, पुढच्या फेऱ्यांना उत्साह ओसरे. ९१ टक्के लोकांची किमान एकदा तपासणी झाली, दोनदा झालेले ५५ टक्के, तिन्ही वेळा झालेले फक्त ३० टक्के. संशयास्पद काही आढळलेले ५,१४५ जण होते, त्यांतले ६३ टक्के डॉक्टरांकडे गेले. श्रीलंकेतली अडचण इथेही होतीच, थोडी कमी झाली एवढंच.

जून २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. तपासणी झालेल्या पंचायतींत तोंडाच्या कर्करोगाने ७७ मृत्यू, तुलनेच्या पंचायतींत ८७. सगळ्या लोकसंख्येचा हिशेब धरला तर हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता आणि संशोधकांनी ते स्पष्ट लिहिलं. पण तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांचाच विचार केला तर चित्र बदलत होतं. त्यांच्यात मृत्यूचा दर ३४ टक्क्यांनी कमी झाला होता. सवय असलेल्या पुरुषांत तो ४३ टक्क्यांनी घटला होता. १५ वर्षांचा पाठपुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही सवय असलेल्यांतली घट २४ टक्के टिकून होती. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर चौथीही झाली होती; त्यांतल्या चारही फेऱ्यांना तोंड उघडून दाखवणाऱ्यांत तर ती ८१ टक्के दिसली. जो माणूस चारही वेळा तपासणीला उभा राहतो तो मुळातच प्रकृतीची काळजी घेणारा असतो, म्हणून या शेवटच्या आकड्याला जपून वापरायला हवं. ३४ आणि ४३ टक्क्यांचं मोल मात्र कमी होत नाही. मुद्दा साधा आहे. सगळ्यांची तोंडं सरसकट तपासत बसण्यापेक्षा ज्याला सवय आहे त्याला गाठा, नेमाने गाठा, आणि चट्टा सापडला तर त्याला डॉक्टरपर्यंत नेऊन सोडा. पाश्चात्त्य जगाने न केलेला प्रयोग आपल्या पंचायतींत झाला होता आणि त्याचं उत्तर आपल्याच पुरुषांविषयी होतं.

त्याच वर्षांत अमेरिकेत पुरुषांच्या कर्करोग तपासणीची एक अगदी निराळी कहाणी घडत होती. ती इथे सांगायला हवी, कारण ‘लवकर शोधा म्हणजे झालं’ असं समजणाऱ्या कुणालाही ती सावध करते. १९७० मध्ये रिचर्ड अॅब्लिन यांनी प्रोस्टेट ग्रंथीतल्या एका विशिष्ट प्रथिनावर काम प्रसिद्ध केलं. १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. पीएसए या नावाने ते रक्तात मोजता येऊ लागलं. १९८६ मध्ये, आधीच प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी या चाचणीला परवानगी मिळाली. १९९१ मध्ये सेंट लुईचे विल्यम कॅटालोना यांनी ती निरोगी पुरुषांत कर्करोग शोधायला वापरता येते असं मांडलं, आणि १९९४ मध्ये त्यासाठीही परवानगी आली. तोवर लाखो पुरुषांनी रक्त दिलेलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या नव्या निदानांनी शिखर गाठलं.

त्यांतले कित्येक कर्करोग इतके संथ होते की माणूस दुसऱ्याच कशाने तरी, म्हातारा होऊन गेला असता. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेल्या अनेकांना मात्र लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता गमवावी लागली. २००९ मध्ये दोन मोठे निकाल एकाच वेळी आले. युरोपातल्या प्रयोगात मृत्यू २० टक्क्यांनी घटलेले दिसले, पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० पुरुषांना तपासणीला बोलवावं लागलं आणि ४८ जास्तीच्या पुरुषांना उपचार द्यावे लागले. अमेरिकेतल्या ७६ हजार पुरुषांच्या प्रयोगात फरकच दिसला नाही, कारण तुलनेच्या गटातल्याही बहुतेकांनी बाहेर ही चाचणी करून घेतली होती. २०१० मध्ये अॅब्लिन यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून सरसकट पीएसए तपासणीवर कठोर टीका केली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने कोणत्याही वयाच्या पुरुषाला ही तपासणी नको, असा कौल दिला. २०१८ मध्ये तो सौम्य झाला : ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरशी फायदे-तोटे बोलून स्वतः ठरवावं, ७० नंतर करू नये. मधल्या काळात डॉक्टरही शहाणे झाले होते. संथ गाठीला चाकू न लावता नजरेखाली ठेवायचं, हे आता रुळलं आहे. ब्रिटनमधल्या १,६४३ पुरुषांच्या अभ्यासात १५ वर्षांनंतर, उपचार कोणताही असो, ९७ टक्के पुरुष प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले नव्हते.

तोंडाचं तसं नाही. इथे रक्ताचा आकडा नाही, दिसणारी खूण आहे. तिच्यामागचं कारण माहीत आहे आणि ते थांबवता येतं. ज्याला धोका आहे त्याला त्याच्या खिशातल्या पुडीवरून ओळखता येतं.

आणि ती पुडी महाराष्ट्राने चांगलीच ओळखली आहे. गेल्या पन्नास वर्षांत सुपारी, तंबाखू, चुना आणि कात एका छोट्या पाकिटात बंद होऊन टपरीटपरीवर माळा बनून लटकले. चंची बाळगणारा म्हातारा जाऊन त्याच्या जागी शाळेच्या दप्तरात पुडी ठेवणारा मुलगा आला. १ ऑगस्ट २००२ पासून महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तसा अधिकार नसल्याचं सांगून ती रद्द केली. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने राज्याने पुन्हा बंदी आणली. त्यानंतर सुपारी एका पाकिटात आणि तंबाखू दुसऱ्या पाकिटात विकून खाणाऱ्याच्या तोंडात ती एकत्र करण्याची सोय निघाली. २००४ मध्येच शरद पवारांवर तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. या सवयीची किंमत ते तेव्हापासून जाहीर सभांतून सांगत आले आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील ५७ व्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेले. सांगली जिल्ह्यातल्या गावागावांतल्या माणसांनी त्या दिवशी हा रोग घरातला असल्यासारखा सोसला.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने सर्वसामान्य लोकसंख्येत कर्करोग तपासणीची चौकट जाहीर केली. तिच्यात तीनच कर्करोग आहेत : स्तनाचा, गर्भाशयमुखाचा आणि तोंडाचा. म्हणजे पुरुषांसाठी एकच. ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येकाची दर पाच वर्षांनी तोंडाची तपासणी, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांकडून, आपल्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात. तिरुवनंतपुरमच्या पंचायतींत जे सिद्ध झालं तेच देशभर पोहोचवायचं, असा तिचा अर्थ. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या पुरुषांना विचारलं गेलं, तोंडाच्या कर्करोगासाठी तुमचं तोंड कधी कुणी तपासलं का? ‘हो’ म्हणणारे १.२ टक्के निघाले. भारतीय पुरुषांत सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे आणि या वयाच्या शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव पुरुषांच्या तोंडात त्यासाठी कुणी डोकावलेलं नाही. याला मी दोन कारणं मानतो. एक, तपासणी करणारी आशाताई किंवा आरोग्यसेविका दुपारी घरी येते तेव्हा पुरुष शेतावर, रिक्षावर, कारखान्यात असतो. दुसरं, सवय लपवणाऱ्या माणसाला तोंड उघडणं म्हणजे कबुलीजबाब वाटतो. पहिल्याचा इलाज कामाच्या ठिकाणी, बाजार समितीत, एसटी आगारात, साखर कारखान्याच्या गव्हाणीजवळ तपासणी नेण्यात आहे. दुसऱ्याचा इलाज तपासणाऱ्याने न ओरडण्यात आहे.

वयाप्रमाणे पुरुषाने कशाची तपासणी करावी, असं मला विचारलं तर माझा क्रम असा. विशीत तंबाखू-गुटखा सुरू असेल आणि तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर तिशीची वाट पाहू नका. त्याच वयात अंडकोषात गाठ किंवा बदल जाणवला तर लाजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सरसकट तपासणीची मात्र तिथे शिफारस नाही. तिशीपासून तोंड. आपल्या देशात याइतका पक्का पुरावा दुसऱ्या कोणत्याही तपासणीच्या मागे पुरुषांसाठी नाही. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी अमेरिकेत ४५ पासून सांगतात. आपल्या राष्ट्रीय चौकटीत ती नाही, पण आई-वडील-भावंडांत कुणाला तो झाला असेल तर डॉक्टरांशी बोलायला हवं. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांसाठी पन्नाशीनंतर कमी किरणांचा छातीचा सीटी स्कॅन अमेरिकेत सुचवला जातो, २०११ मध्ये ५३ हजार लोकांवरच्या प्रयोगाने त्याचा फायदा दाखवला. पीएसएचा निर्णय ५५ ते ६९ च्या दरम्यान डॉक्टरांशी बसून घ्यायचा, आणि तो नकारही असू शकतो.

तुमच्या घरात, कचेरीत, शेतावर तंबाखूचा बार भरणारा, बिडी ओढणारा किंवा गुटखा खाणारा पुरुष असेल तर त्याला येत्या आठवड्यात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, दंतमहाविद्यालयात किंवा दंतवैद्याकडे घेऊन जा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा पुसला गेला नाही, तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर पुढच्या पगाराची, पुढच्या सुगीची वाट पाहू नका. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला पाठवलं की चिठ्ठी खिशात ठेवून परत येऊ नका, त्याच्याबरोबर तुम्हीही जा.